कोपऱ्यावरचं इटालियन पुन्हा उघडलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या टिळकवाडीत आमच्या कोपऱ्यावरचं इटालियन हॉटेल पुन्हा सुरू झाल्यापासून मला रोज कुणी ना कुणी अडवून विचारतं. भाजी घेताना, भिशीत, मुलाला क्लासला सोडताना. मी तिथे कॉलेजात असल्यापासून जाते आणि पुन्हा उघडल्यावर अकरा वेळा जेवून आले आहे. शिवाय शहापूर, वडगाव, हिंदवाडी, अनगोळ, कॅम्प इथल्या ओळखीच्यांना त्यांची मतं मुद्दाम विचारून वहीत उतरवली. निपाणी आणि खानापूरहून अधूनमधून येणारी दोन कुटुंबंही त्यात आहेत. पाटीवर हॉटेलचं नाव वेगळं आहे, पण आम्ही सगळे 'कोपऱ्यावरचं इटालियन' असंच म्हणतो, म्हणून इथेही तेच. हे लिहायला मला हॉटेलवाल्यांनी सांगितलेलं नाही, आणि प्रत्येक वेळचं बिल आम्ही आमचं भरलं आहे.

हे जुनंच हॉटेल आहे, की नुसतं नाव जुनं?

जागा तीच, घराणं तेच. जुने मालक काका बरीच वर्षं जहाजावर स्वयंपाकघरात होते. इटलीच्या बंदरांवर उतरून जे खाल्लं, शिकले, ते गावी येऊन त्यांनी सुरू केलं. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि शटर खाली आलं ते आलंच. काकांचं वय झालं होतं. आता त्यांची लेक बघते, आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. खानापूर तालुक्यातले जुने स्वयंपाकी मामाही परत आले आहेत. टेबलं जुनीच, पॉलिश करून घेतलेली. नवी आहे ती भट्टी, आणि खरा फरक तिथून सुरू होतो.

जुनी चव राहिली आहे का?

सगळ्यात जास्त विचारला जातो तो हाच प्रश्न, आणि यावर घराघरांत मतभेद आहेत.

जुना पिझ्झा आठवून बघा. बेकरीतून आणलेला जाड बेस, त्यावर गोडसर लाल सॉस, ढोबळी मिरची, कांदा, मक्याचे दाणे आणि किसलेलं डब्यातलं चीज. बुडाला खरपूस, वरून झाकण ठेवून वितळवलेला. आरपीडी कॉलेजला असताना आम्ही मैत्रिणी एक पिझ्झा चौघींत वाटून खायचो, आणि त्याच्या एका तुकड्यावर दुपार निघायची. शहापूरचे एक काका पुन्हा उघडल्यावर हौसेने सहकुटुंब गेले आणि पहिल्याच घासाला म्हणाले, "चव गेली की हो सगळी! आमचा तो जाड हुता." त्यांच्याच सुनेने मला वेगळं बोलावून सांगितलं, की तिला मात्र आता कुठे तिथे जावंसं वाटतंय. माझ्या वहीत सरळ दोन गट पडतात. ज्यांचं कॉलेज, लग्न ठरणं, मुलांचे पहिले वाढदिवस त्या हॉटेलात झाले, त्यांना जुना पिझ्झा हवा आहे. पुण्यात, बेंगळुरूत नोकऱ्या करून परत आलेल्यांना नवा आवडतो.

माझं मत नव्याच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण पीठ. आता पीठ हॉटेलातच मळतात आणि एक दिवस थंडीत मुरू देतात. कड हातात घेतली की हलकी लागते. मोडली की आत आंबोळीला पडते तशी जाळी दिसते, आणि किंचित आंबूस, धान्याचा वास येतो. तो वास जुन्या बेसला कधीच नव्हता. टॉपिंग कमी आहे हे खरं, पण पीठच चवीचं असल्यावर वर ढीग लागत नाही.

तरीही जुन्या चवीची ओढ मला खोटी वाटत नाही. ताईलाही वाटत नसावी, कारण रविवारी दुपारी 'जुना पिझ्झा' वेगळा करतात, मामांच्या हातचा, तसाच जाड, झाकण ठेवून. माझ्या मुलाने दोन्ही खाल्ले आणि पुढच्या रविवारी पुन्हा जुनाच मागितला. मी त्याला समजावत बसले नाही.

पिझ्झ्याच्या कडेला काळे डाग असतात. जळालेला देतात का?

नाही. इटलीतल्या नापोलीच्या (नेपल्सच्या) पद्धतीचा पिझ्झा ४३० ते ४८० अंश सेल्सिअसच्या भट्टीत ६० ते ९० सेकंदांत भाजतात. इतक्या आचेला पिठातले फुगे आधी काळे होतात आणि बाकीचा भाग मऊ राहतो. चुलीवरच्या भाकरीला पापुद्रा फुगल्यावर जे डाग पडतात, तेच हे. ते बघून आपण भाकरी टाकून देत नाही. पिझ्झा भाजायच्या या नापोलीच्या कलेची युनेस्कोने २०१७ मध्ये मानवी वारशात नोंद केली आहे, आणि कडेचे हे डाग त्या कलेचाच भाग आहेत.

पण डाग वेगळे आणि जळकी चव वेगळी. बूड उलटून बघा. सगळं बूडच काळं असेल किंवा मधला भाग पिठूळ, ओला राहिला असेल, तर परत पाठवा. सुरुवातीच्या दिवसांत आमच्या टेबलावर दोनदा मधे कच्चा राहिलेला आला होता. सांगितल्यावर दोन्ही वेळा न कुरकुरता दुसरा करून दिला.

पास्ता कच्चा असतो, अशी तक्रार ऐकली. खरं आहे का?

ही तक्रार मी किमान आठ जणांकडून ऐकली, त्यात माझ्या सासूबाई पहिल्या. त्यांचं वय ७८. पहिला घास खाऊन म्हणाल्या, "हे शिजलंच न्हाई की गं." इटलीत पास्ता दाताला लागेल इतपतच शिजवतात, मऊ गिच्च झाला तर तो बिघडला असं मानतात. हे मी त्यांना सांगितलं, त्यांना पटलं नाही. दुसऱ्या खेपेला मामा स्वतः बाहेर आले आणि त्यांनी एकच वाक्य सांगितलं, "आक्का, बोटवे जास्त उकडले तर खिरीत पीठ होतंय, न्हवं का?" मग मात्र त्या नीट खायला लागल्या.

मामांच्या त्या एका वाक्यात फार मोठी गोष्ट आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात बायका वळवट करायच्या. गव्हले, बोटवे, नखुल्या, मालत्या, शेवया. बोटांनी वळलेले, कडक उन्हात वाळवलेले गव्हाचे बारीक प्रकार, वर्षभर डब्यात टिकणारे. पास्ता म्हणजे तरी दुसरं काय? तांदळाच्या दाण्याएवढा ऑर्झो नावाचा पास्ता आहे. सासूबाईंनी तो बघितल्याबरोबर "गव्हले" म्हटलं, आणि आता आमच्या टेबलावर तो त्याच नावाने मागवला जातो.

गव्हाचं नातं तर आणखी जवळचं आहे. इटलीत वाळवलेला पास्ता ड्यूरम गव्हाच्या रव्याचाच असावा असा कायदा आहे. आपला बन्सी गहू म्हणजे ड्यूरमच, उप्पिटाला बन्सी रवा आणतो तोच. आणि बेळगाव जिल्ह्यात, बागलकोटकडे, पलीकडे सांगली-कोल्हापुरात पिकणारी खपली, जिला कानडी शेजारी जवे गोधी म्हणतात, तिला इटलीत फार्रो म्हणतात आणि अजून सूपमध्ये, सॅलडमध्ये खातात. कोपऱ्यावर आता आठवड्यातून दोन दिवस खपलीचा ताजा पास्ता करतात. पट्ट्या रुंद कापलेल्या, रंग तांबूस, चव किंचित खमंग. माझ्या मते संपूर्ण कार्डावरचा हा सगळ्यात उत्तम पदार्थ. खपलीला चिवटपणा कमी, त्यामुळे पट्ट्या मधेच तुटतात. काहींना ते आवडत नाही. मला चालतं.

ज्यांना मऊच हवा त्यांनी मागवतानाच "मऊ शिजवा" म्हणावं. देतात.

रिसोट्टो म्हणजे आपला मऊभातच ना?

दिसायला तसाच, करायला नाही. मऊभातात पाणी एकदम घालून शिजवतो आणि घोटतो. रिसोट्टोत तांदूळ आधी लोण्यावर किंवा तेलावर परततात, मग गरम रस्सा पळी-पळीने घालत, ढवळत, साधारण १८ ते २० मिनिटं शिजवतात. दाण्यावरचा पिठूळपणा सुटून त्याचीच दाट साय होते, आणि दाणा मात्र मधे किंचित टणक राहतो. त्यासाठी आर्बोरिओ किंवा कार्नारोलीसारखा आखूड, जाड दाण्याचा तांदूळ लागतो. तो इटलीच्या उत्तरेला पो नदीच्या खोऱ्यात पिकतो.

इथे दोन प्रकार मिळतात. एक आर्बोरिओचा, आणि दुसरा स्वस्त, आजऱ्याच्या घनसाळाचा. यावरून आमच्याकडे चांगलाच वाद झाला. येळ्ळूरच्या शेतकरी घरातल्या एका मैत्रिणीचं म्हणणं, "घनसाळ कशाला, आमचा बेळगाव बासमती घाला की." तिचा अभिमान मला कळतो. त्या शिवारातला बासमती शिजायला लागला की शेजारच्या घरात कळतं. पण वासाचा तांदूळ आणि रिसोट्टोचा तांदूळ या दोन वेगळ्या गरजा आहेत. बासमती मोकळा व्हावा म्हणून आपण जपतो, आणि इथे तर दाणे एकमेकांना धरून राहायला हवेत. घनसाळ आखूड दाण्याचा आहे, थोडा चिकट होतो, म्हणून निभावतो. तरी आर्बोरिओसारखी साय त्याला सुटत नाही, शेवटी लोणी-चीज जास्त घालून ती भरून काढतात. वासाला मात्र घनसाळ कितीतरी पुढे. मशरूमच्या रिसोट्टोत तो वास मशरूमवर कुरघोडी करतो. साध्या लिंबाच्या रिसोट्टोत फार छान लागतो. म्हणून माझं सांगणं, मशरूमला आर्बोरिओ, लिंबाला घनसाळ.

आणि वीस मिनिटं थांबावं लागतं. पाच मिनिटांत टेबलावर आला तर समजा आधी अर्धा शिजवून ठेवलेला आहे. रविवारी रात्री तसं होतं.

शुद्ध शाकाहारी माणसाने तिथे काय खावं? चीज चालतं का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांनी तो जरूर विचारत राहावा, कारण बऱ्याच ठिकाणी वाढणाऱ्यालाच याचं उत्तर माहीत नसतं.

दूध फाटून चीज घट्ट व्हावं म्हणून त्यात रेनेट घालतात. ते वासराच्या जठरातून काढलेलं असू शकतं, किंवा सूक्ष्मजीवांपासून तयार केलेलं. इटलीचं अस्सल पार्मिजानो रेज्जानो नेहमी वासराच्या रेनेटचंच असतं, आणि रोमच्या पेकोरिनोला कोकराचं वापरतात. म्हणजे ज्या पास्त्यात मांसाचा कण दिसत नाही, तोसुद्धा कडक शाकाहारी माणसाला चालेलच असं नाही. कोपऱ्यावर शाकाहारी पदार्थांवर हिरव्या ठिपक्याचं, सूक्ष्मजीवांच्या रेनेटचं देशी चीज घालतात. मी पाकीट मागितलं, त्यांनी आणून दाखवलं. बाहेरून आणलेलं पार्मिजानो वेगळ्या खवणीवर किसतात आणि मागितलं तरच घालतात.

मोझारेला ते बुधवारी आणि शनिवारी सकाळी स्वतः करतात, म्हशीच्या दुधाचं. नापोलीच्या बाजूचं नावाजलेलं मोझारेलाही म्हशीच्याच दुधाचं. पाडव्याला म्हशी सजवून पळवणाऱ्या आपल्या गावाला हे कळल्यावर आनंदच व्हायला पाहिजे. एका बुधवारी मी मागच्या दाराशी उभी राहून बघितलं. मामांनी दह्यासारखा घट्ट झालेला चोथा कापून कढत पाण्यात सोडला, लाकडी पळीने दाबला, आणि तो एकजीव झाल्यावर हातांनी वर ओढला. आधी खडबडीत, तुटक होता. तिसऱ्या-चौथ्या ओढीला कापडासारखा लांब, चकचकीत झाला. मग अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातून गोळा पिळून तोडला आणि थंड मिठाच्या पाण्यात टाकला. त्यांची बोटं लालबुंद झाली होती. एक गोळा त्यांनी माझ्या हातावर ठेवला, चिमटीत दाबल्यावर दूध सुटलं. त्या दिवसापासून मी बुधवार चुकवत नाही.

गोडात पन्ना कोट्टा असतो. तो घट्ट करायला जिलेटिन वापरायची पद्धत आहे आणि जिलेटिन प्राण्यांपासून येतं. इथे चायना ग्रास घालतात, त्यामुळे चालतो. दुसरीकडे खाल तेव्हा विचारून खा.

स्वयंपाकघर मात्र एकच आहे. तवे, सुऱ्या वेगळ्या आहेत, भट्टी एक आहे. ज्यांना तेही चालत नाही, त्यांच्यासाठी हे हॉटेल नाही, आणि ताई हे फोनवरच स्पष्ट सांगते. मला तिचा हा सरळपणा आवडतो.

जैन जेवण मिळतं का?

किल्ल्यात १२०४ सालची कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, असलेलं हे गाव, इथे ही सोय नसून कसं चालेल! मार्गारीटा पिझ्झा मागवा. नापोलीच्या पद्धतीत त्याचा सॉस म्हणजे नुसता कुस्करलेला टोमॅटो आणि मीठ, कांदा-लसूण मुळातच नसतो. त्यामुळे काही काढून टाकल्यासारखा तो अपुरा लागत नाही. यीस्ट न खाणाऱ्यांनी खपलीचा पास्ता टोमॅटो-तुळशीत घ्यावा. आल्यो ए ओल्यो हा पास्ता मात्र काही केल्या जैन होणार नाही, त्याच्या नावातच लसूण आणि तेल आहे.

पांढऱ्या सॉसचा पास्ता आहे ना? मुलांना तोच लागतो.

आहे. त्याला मैद्याचा सॉस लावतात, मुलं मिटक्या मारत खातात. कार्डावर 'रोमचा आल्फ्रेदो' म्हणून आणखी एक आहे. त्यात मलई नसते, लोणी आणि चीज पास्त्याच्या गरम पाण्यात घोळवून साय आणतात. लगेच खावा लागतो, गार झाला की त्याचा गोळा होतो. मुलांना तो देऊ नका. त्यांना पहिलाच बरा.

तिखट करून देतात का?

अराबियाता पास्ता मागवा. या शब्दाचा अर्थच 'रागावलेली'. टोमॅटो, लसूण आणि वाळकी मिरची. इथे त्यात संकेश्वरी मिरची घालतात, आणि रंगासाठी थोडी ब्याडगी. संकेश्वरीचा झणका आधी जिभेला लागतो, मग कानाकडे जातो, ब्याडगी नुसता लाल रंग आणि गोडवा देते. मिरची आणि टोमॅटो दोन्ही अमेरिकेतून आलेले, इटलीलाही आणि आपल्यालाही. त्यामुळे संकेश्वरी घातली म्हणजे इटालियन बिघडलं, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. निपाणीच्या कुटुंबाचं एकमत, की इतकं चांगलं अराबियाता त्यांनी दुसरीकडे कुठे खाल्लं नाही. तिखट न सोसणाऱ्यांनी 'निम्मी मिरची' सांगावं.

दुसऱ्या पदार्थांवर मात्र चिली फ्लेक्सची अख्खी बाटली रिकामी करू नका, निदान पहिला तुकडा तरी कोरा खाऊन बघा.

पेस्टो खरा असतो का?

पेस्टो म्हणजे इटलीतल्या जेनोव्हाची हिरवी चटणी. तिच्यात बेझिल (इटालियन तुळस), लसूण, ऑलिव्ह तेल, चीज आणि पाइनच्या बिया लागतात. आपल्याकडे त्या बिया म्हणजे चिलगोजे, आणि त्यांचा भाव ऐकूनच माणूस मागे सरतो. इथे चंदगडचा काजू घालतात. काजूने पेस्टो थोडा गोड आणि जास्त दाट होतो. चव चांगली आहे. पावसाळ्यात बेझिलचा वास उतरतो, तेव्हा नको.

मराठीत बोलतात का? मेन्यू मराठीत आहे का?

बोलतात. मामा मराठी, वाढणारी दोन मुलं कानडी घरातली पण मराठी फाडफाड बोलणारी, आणि ताई तिन्ही भाषांत हिशेब करते. बेळगावात ज्याने त्याने आपल्या भाषेत बोलावं आणि समोरच्याने समजून घ्यावं, ही जुनी रीत तिथे चालू आहे.

मेन्यूचं सांगते. कर्नाटकात पाटीवर ६० टक्के कानडी असावं असा कायदा आहे, तशी पाटी आहे. आतलं कार्ड सुरुवातीला कानडी आणि इंग्रजीतच होतं. आम्ही पाच-सहा घरांनी ताईला विनंती केली की मराठी पान घाला. तिने घातलं, आणि नुसती नावं न लिहिता खाली एकेक ओळ समजावणीची दिली: 'फोकाच्या: ऑलिव्ह तेलातली जाड, मऊ भाजलेली रोटी.' सासूबाईंनी चष्मा लावून ते पान वरपासून खालपर्यंत वाचलं आणि आयुष्यात पहिल्यांदा इटालियन हॉटेलात स्वतः ऑर्डर दिली. आजवर त्यांच्यासाठी आम्हीच ठरवत होतो. ते दृश्य मी विसरणार नाही. ज्यांना वाटतं की भाषेचा आग्रह म्हणजे भांडण, त्यांनी एकदा त्या टेबलापाशी यायला हवं होतं.

भाव वाढलेत का? बिलात काय बघावं?

वाढलेत. आकडे इथे देत नाही, कारण ते बदलत राहतात. माझं मत असं, की पिझ्झ्याचा भाव रास्त, ताज्या पास्त्याचा रास्त, सॅलडचा जास्त. पानं, काकडी आणि चार ऑलिव्ह यांना तेवढे पैसे द्यावेत असं मला वाटत नाही. अनगोळच्या एका जोडप्याने नेमकं उलट सांगितलं, त्यांना सॅलड फार आवडलं.

बिलात ५ टक्के जीएसटी लागतो, अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा. सर्व्हिस चार्ज इथे लावत नाहीत. कुठल्याच हॉटेलाने तो आपणहून बिलात जोडू नये, अशा सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये दिल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या कायम ठेवल्या. दुसरीकडे दिसला तर काढायला सांगता येतो. वाढणाऱ्या मुलांना टीप मात्र हातात द्या.

दारू मिळते का?

नाही.

नॉन-व्हेज कसं आहे?

बरं आहे, त्यापलीकडे नाही. चिकनचा रागू, म्हणजे मांसाचा दाट सॉस, चांगला मुरलेला असतो. मासे घेऊ नका असं मी सांगेन. चोरला घाट उतरून काही तासांत गोव्याचा किनारा गाठणाऱ्या गावाला ताज्या माशाची सवय आहे, आणि इथला मासा त्या सवयीला पुरत नाही. श्रावणात नॉन-व्हेज जवळजवळ बंदच असतं, मागणीच नसते.

घरी मागवावं का?

पास्ता नको, रिसोट्टो तर अजिबात नको. पिझ्झा खोक्यात वाफेने मऊ पडतो, कड चामट होते. घर गल्लीतच असेल तर स्वतः जाऊन आणा आणि खोक्याचं झाकण अर्धं उघडं ठेवून या. दुसऱ्या रेल्वे गेटच्या पलीकडे राहत असाल तर गेट पडलं की संपलं. घरी आणल्यावर मायक्रोवेव्हला हात लावू नका. लोखंडी तवा मंद आचेवर तापवा, तुकडा ठेवा, दोन मिनिटं झाकण. पुन्हा कुरकुरीत होतो.

टिरामिसू चांगलं की कुंदा जिलातो?

टिरामिसू, हे कॉफीचं थंड गोड. कॉफी कडक, गोडी बेताची, आणि कच्चं अंडं घालत नाहीत. कुंदा जिलातोचं, म्हणजे बेळगावच्या त्या दुधाच्या मिठाईच्या आइस्क्रीमचं, कौतुक खूप झालंय, बाहेरगावचे पाहुणे त्यासाठीच येतात. कॅम्पातल्या माझ्या नणंदेला तो इतका आवडतो की जेवण न करता नुसता तोच खाऊन येते. मला मात्र पटत नाही. कुंद्याची मजा त्या तपकिरी, रवाळ, कढईत आटून आटून खरपूस झालेल्या दाण्यात आहे. तो गोठवला की रवाळपणा जातो, नुसती गोडी उरते. कुंदा कागदातून, साध्या चमच्याने खावा.

गर्दी कधी असते? टेबल आधी सांगावं लागतं का?

शनिवार-रविवार रात्री सांगावंच लागतं. गणपतीत आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी जाऊ नका, रस्तेच बंद असतात. सोमवारी सुट्टी. मंगळवार ते गुरुवार संध्याकाळी सातच्या आत गेलात तर मामा टेबलापाशी येऊन बोलतात, आणि काय ताजं आहे ते खरं सांगतात.

जेवण आवडलं नाही तर कुणाला सांगावं?

तिथेच, त्याच वेळी, ताईला. मी हे कळकळीने सांगते, कारण माझ्या हातून एकदा उलट घडलं. पुन्हा उघडल्याच्या दुसऱ्या आठवड्यात सासऱ्यांचा वाढदिवस होता. पन्नास मिनिटं थांबलो, दोन पदार्थ गार आले, एक आलाच नाही. मी काही न बोलता बिल दिलं, घरी येऊन भिशीच्या गटात सगळं लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते गल्लीभर झालं. चार दिवसांनी ताई रस्त्यात भेटली, तिला त्यातलं काही माहीतच नव्हतं. तिने शांतपणे विचारलं, "वहिनी, तुम्ही मला का नाही सांगितलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तक्रार खरी होती, पण जिला ती दुरुस्त करता आली असती तिच्यापर्यंत मी ती पोचवली नव्हती. त्यानंतर तिने रविवारी टेबलं कमी केली आणि ऑर्डरच्या चिठ्ठ्यांवर वेळ लिहायला सुरुवात केली. आता इतका उशीर होत नाही. झालाच तर आधी सांगतात.

पहिल्यांदा जाणार आहोत. चौघांनी काय मागवावं?

बुधवारी जा. एक मार्गारीटा, कारण पीठ, टोमॅटो आणि ताजं मोझारेला तिघांचीही चव त्यात लपत नाही. एक खपलीचा पास्ता टोमॅटो-तुळशीत. एक अराबियाता, निम्म्या मिरचीचं. एक लिंबाचा रिसोट्टो, घनसाळाचा, तो बसल्याबरोबर सांगून ठेवा. शेवटी दोन टिरामिसू चौघांत. चीज-बर्स्ट वगैरे विचारू नका, ते तिथे नाही. आणि पिझ्झ्याच्या कडा ताटात टाकू नका. अराबियाताचा सॉस उरतो, त्यात त्या पुसून खा. इटलीतही ताट असंच पुसतात आणि त्याला त्यांच्याकडे खास शब्द आहे, स्कार्पेत्ता. आपण भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने करतो, तेच.